जोतं, वाळू आणि पाचशे फूट

सकाळी ६

डोळे चोळायच्या आत व्हॉट्सॲपवर फोटो येऊन पडलेले असतात. खणलेला पाया, विटांची थप्पी, अर्धवट जोत्यावर चढून बसलेली शेळी. खाली मजकूर एकच: "साहेब, आज येशाल का?" मी चोपडा तालुक्यात ग्रामीण गृहनिर्माण अभियंता आहे, कंत्राटी. घरकुलाचं, म्हणजे सरकारी योजनेतून मिळणाऱ्या घराचं, काम कुठवर आलं ते बघायचं, फोटो काढायचा, अक्षांश-रेखांशासह ॲपवर चढवायचा. फोटो चढला की हप्ता सुटतो, नाही चढला तर अडकतो. तालुक्यात मला जो काही मान आहे तो डिप्लोम्याचा नाही, खिशातल्या मोबाईलचा आहे.

यंदा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, घाई फार. २२ फेब्रुवारीला पुण्यात बालेवाडीला केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते राज्यातल्या वीस लाख घरकुलांना मंजुरीपत्रं दिली गेली आणि त्यातल्या दहा लाखांना पहिला हप्ताही. एका दिवसात वीस लाख! व्यासपीठावरून आकडा मोठा छान दिसतो. तो फुटून गावोगाव उतरतो तेव्हा प्रत्येक आकड्याला एक पाया खणावा लागतो, आणि खणायला आधी जमीन लागते.

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की बांधकामाला हात लागतो. रान मोकळं असतं, मजूर मिळतो, लेकीबाळी माहेरी येऊन गेलेल्या असतात. १० जूनला नदीतला वाळूउपसा पावसाळ्यासाठी बंद होतो. आमचा सगळा मोसम या दोन तारखांमध्ये बसवायचा. त्यात यंदा मे महिन्यातच वादळी पावसाने केळी झोपवली. ज्याची केळी पडली त्याच्याकडे कापणीला जाणाऱ्या मजुराचा रोज बुडाला, आणि त्या रोजावर ज्याचं जोतं उभं राहणार होतं तेही अडलं.

७.३०

तापीकाठचं गाव. गल्लीत जुनी धाब्याची घरं: जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर खाऱ्या मातीचा थर. आत शिरलं की उन्हाळ्यातही गार. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर माती टाकावी लागते, आणि ती टाकणारी पिढी आता थकली. अशाच एका पडक्या घराच्या जागेवर नवं जोतं आलंय.

ताई जोत्यावर उभ्या आहेत, पदर खोचलेला. मंजुरी नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने आहे. "साहेब, पंधरा हजारात काय व्हस? पायाच गिळी गया," त्या म्हणतात. खरं आहे. पहिला हप्ता पंधरा हजारांचा. जोत्यापर्यंत काम आणल्याशिवाय मोठा दुसरा हप्ता नाही, आणि पंधरा हजारात जोतं येत नाही. मधली दरी ज्याची त्याने बुजवायची. यांनी बचतगटातून कर्ज काढलंय, विटा उधार आणल्यात, पायाचं खोदकाम नवऱ्याने आणि दिराने रात्री केलंय. योजनेच्या कागदावर हे कर्ज कुठेच दिसत नाही. ज्याला उधारी मिळते त्याचं घर आधी होतं, म्हणजे अगदी गरिबाचं शेवटी.

हिशेब मी बऱ्याच जणांना तोंडपाठ सांगतो. केंद्र आणि राज्याचे मिळून १ लाख २० हजार. त्यात साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. हा आकडा २०१६ साली योजना सुरू झाली तेव्हाचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने आणखी दोन कोटी घरं मंजूर केली तीही याच दराने. किमान घर २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. फुटामागे ४४६ रुपये पडतात. रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने २८ हजार ८० रुपये. शौचालयाचे बारा हजार. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने वरचे पन्नास हजार जाहीर केले, त्यातले पंधरा हजार सौरऊर्जेचे. सगळं धरून दोन लाख दहा हजार, फुटाला पावणेआठशेच्या आसपास.

गवंडी अप्पा तंबाखू मळत ऐकत असतात. त्यांचं उत्तर ठरलेलं: "एवढ्यात घर होतं साहेब, पत्र्याचं. स्लॅब होत नाही." आणि लोकांना स्लॅबच हवा. शहरातून येणाऱ्यांना हा हट्ट वाटतो. मला वाटत नाही. पंधरवड्यापूर्वीच्या वादळात पत्रे कुठल्या कुठे गेले ते सगळ्या गावाने पाहिलंय. शिवाय स्लॅब म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. बिबडे, पापड, कुरडया, मिरच्या वाळवायच्या त्यावर, उन्हाळ्यात झोपायचं त्यावर. जुनं धाबं हेच काम करत होतं.

ताई नकाशा उलटसुलट बघतात. "जिना कुठे आहे यात?"

नमुना नकाशात जिना नाही. २६९ फुटांत एक खोली, स्वयंपाक, मोरी बसवली की जिन्याला जागाही उरत नाही आणि पैसेही. स्लॅबवर चढायला शिडी लावायची. शिडीवरून बिबड्यांचं ताट घेऊन चढून बघावं एकदा, नकाशा काढणाऱ्याने.

"भाऊना भिंतीले लायी लेसू," त्या म्हणतात. शेजारच्या जावेच्या घराला जिना आहे, त्यावरून चढायचं आणि मधल्या वितभर फटीवर फळी टाकायची. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. जोत्याचा फोटो काढतो.

९.१५

वाळू. नव्या वाळू धोरणाने घरकुलवाल्याला पाच ब्रास मोफत. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दोन खोल्यांना पाच ब्रास पुरते. पण नदीतून दारापर्यंत आणायचं भाडं आपलं. तापीकाठच्या गावाला ते परवडतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाने काय करायचं? त्याला फुकटची वाळू विकतच्या भावाने पडते. ट्रॅक्टरवाला म्हणतो, पास मिळेपर्यंत ट्रॅक्टर उभा, डिझेल जळतं, ड्रायव्हरचा रोज चालू. त्याचंही खोटं नाही.

१०.४५

कार्यालय. पंखा, फायली, दारात चपलांचा ढीग. आत येणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक: ज्यांचा हप्ता अडकलाय ते, आणि ज्यांचं नावच नाही ते. दुसऱ्यांसाठी यंदा नवी नावं नोंदवायला 'आवास प्लस'चं सर्वेक्षण चालू आहे, आता मोबाईलवर स्वतःचं स्वतःही करता येतं, चेहरा दाखवून. मुदत वाढत वाढत चाललीय. निकष थोडे सैल झालेत. मोटारसायकल असली तरी चालते, फ्रिज चालतो, महिना पंधरा हजारांपर्यंत कमाई चालते. पण पन्नास हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असेल तर नाव बाद. कापूस-मक्याच्या या मुलखात पीककर्ज घेणं हे श्रीमंतीचं लक्षण कुणी ठरवलं, मला कळलेलं नाही. कर्ज मिळतं म्हणून माणूस गरीब नाही, असा काहीसा तर्क असावा.

तिसराही प्रकार आहे आणि माझ्या मते तोच खरा. नाव आहे, मंजुरी आहे, जागा नाही.

एक तरुण येतो. केळीच्या गाड्या भरतो. बाप वारला, घर चार भावांचं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांचं नाव. घरकुलासाठी भावांचं संमतीपत्र हवं, आणि मोठा भाऊ सही करत नाही. का? "त्याला वाटतं, मी पक्कं बांधलं की वाटणीत ती जागा माझीच होईल." मोठा भाऊ चुकीचा विचार करतोय असंही नाही. ज्याचं बांधकाम त्याची जागा, हे गावोगाव घडतंच. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्तापत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे. तिने भिंतीच्या रेषा ठरतील, भावांच्या मनातल्या नाही ठरायच्या.

ग्रामसेवक भाऊसाहेब शेजारीच बसलेत. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण भाऊसाहेब ते भाऊसाहेबच. त्यांची बाजू मी रोज ऐकतो. "गावठाण इंग्रजांच्या काळातलं. लोकसंख्या वाढली, गावठाण तेवढंच. वाढवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि वाढवायला सरकारी जमीन पाहिजे. सरकारी म्हणजे गायरान. त्याला हात लावला की सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपालसिंग निकाल पुढे येतो. नाही लावला की लोक म्हणतात, भाऊसाहेब काम करत नाहीत." १ जानेवारी २०११ च्या आधीपासून सरकारी जागेवर राहणाऱ्यांची घरं नियमानुकूल करायचा निर्णय २०१८ साली झाला. गंमत अशी की मुंबईतल्या झोपडीधारकाला सशुल्क पुनर्वसनासाठी धरलेली तारीखही १ जानेवारी २०११ हीच. धारावीत काय आणि तापीकाठी काय, त्या दिवशी तुम्ही कुठे उभे होतात यावर ठरतं. २०१२ साली लग्न करून वेगळी चूल मांडणाऱ्याने उभं कुठे राहायचं हे कोणत्याच कागदात नाही.

आम्ही दर आठवड्याला वर माहिती पाठवतो: मंजूर किती, जोतं किती, छत किती, पूर्ण किती. गावात घरासाठी नवी जागा किती निघाली, असा रकाना मी आजवर पाहिलेला नाही. जे मोजत नाहीत त्याचं उद्दिष्ट नसतं, आणि उद्दिष्ट नसलं की त्यासाठी सकाळी सहाला कुणाचा फोन येत नाही.

दुपारी १२.४०

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर, दस्तलेखकाच्या टेबलापाशी. इथे मला काम असं नाही. एका लाभार्थ्याबरोबर आलोय. या टेबलावर तालुक्याच्या घरांची दुसरी बाजू दिसते. शेजारी एक शिक्षक दांपत्य आहे, यावल रोडकडे प्लॉट घेतंय. आठ लाखांचा प्लॉट म्हटला तर नगरपालिका हद्दीत मुद्रांक सहा टक्के, नोंदणी एक टक्का, मिळून छप्पन्न हजार. विटेला वीट लागण्याआधी. गुरुजी म्हणतात, "प्लॉटला सगळी पुंजी गेली, आता बांधकामाला कर्ज." चोपड्याला रेल्वे नाही, तरी प्लॉटचे भाव चढतात. कारण सरळ आहे: केळीचा पैसा, पगाराचा पैसा आणि मुलांच्या शाळेसाठी गावातून येणारं प्रत्येक बरं कुटुंब, तिघेही याच चार रस्त्यांच्या कडेला जागा शोधतात.

माझ्या लाभार्थ्याचं प्रकरण लहान आहे आणि म्हणून जास्त अवघड. भूमिहीन. पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून त्याला पाचशे फुटांपर्यंत जागा घ्यायला एक लाखापर्यंत मदत मिळू शकते. आधी ती पन्नास हजार होती. पण गावाला लागून आहे ती बागायत, आणि तुकडेबंदी कायद्याने बागायतीचं दहा गुंठ्यांखाली खरेदीखत होत नाही. एक गुंठा म्हणजे १,०८९ फूट. आम्ही मागतोय त्याच्या निम्म्याहून कमी. कितीतरी वर्षं अशी गेली की एक खातं पाचशे फुटांना पैसे देत होतं आणि दुसरं खातं पाचशे फूट नोंदवू देत नव्हतं. मार्च २०२४ मध्ये नियम बदलला. आता घरकुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने छोटा तुकडा घेता येतो. दस्तलेखक चष्मा कपाळावर नेऊन सांगतात, "येतो. कागद आणा." कागद म्हणजे अर्ज, सातबारा, मंजुरीची प्रत, शिफारस आणि विकायला राजी असलेला शेतकरी. शेवटचा कागद सगळ्यात दुर्मीळ.

२.१५

वांग्याची भाजी, कळण्याची भाकरी, डब्यातला ठेचा. दहा मिनिटं.

३

वैजापूरच्या रस्त्याने वर. केळी संपते, मका-कापसाची रिकामी रानं लागतात, मग सातपुडा. पावरा आदिवासींचा पाडा. इथे घर घराला चिकटलेलं नसतं. प्रत्येकाचं आपल्या शेतात, हाक पोहोचेल एवढ्या अंतरावर. जागेचा प्रश्न इथे वेगळ्या तोंडाने उभा राहतो. सातबारा नाही, २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनपट्टा आहे. ज्याचा दावा मंजूर, त्याला घर. ज्याचा प्रलंबित, तो पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत असला तरी थांबलेला.

ज्यांचं घर बघायला आलो ते दादा गेल्याच आठवड्यात ऊसतोडीवरून परतलेत. त्यामुळे हप्ता मिळून महिने झाले तरी पायाच आहे. वरून मला विचारणा होते, काम संथ का? माणूस गावातच नव्हता, हे सांगायलाही रकाना नाही.

त्यांचं जुनं घर बघण्यासारखं आहे. सागाच्या मेढी, बांबूचा कूड, वर शेणमातीचा लेप, कौलं. लांबी-रुंदीने आमच्या नमुना घराच्या दुप्पट तरी असेल. एका अंगाला बैल, माळ्यावर मका, मध्ये चूल. दादा माझ्या चुन्याच्या रेघांकडे बघतात, मग घराकडे.

"यात बैल कुठे बांधायचे?"

"बैल त्या घरात राहतील, दादा. तुम्ही इकडे."

ते हसतात. तसं होणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. या भागात पूर्ण झालेल्या घरकुलांतली काही मी पाहिलीत. आत मका आणि खताच्या गोण्या, बाहेर कुलूप, आणि माणसं जुन्या कुडात, कारण तिथे वारा फिरतो. कार्यालयात याला 'लाभार्थी वापर करत नाही' म्हणतात. मला तो वापरच वाटतो. पक्क्या भिंतीत धान्याला उंदीर लागत नाही, आणि धान्य हीच त्यांची ठेव. फक्त सरकार ज्याला घर म्हणतं आणि दादा ज्याला घर म्हणतात त्यांच्यात बैलजोडीएवढा फरक आहे.

सिमेंट, सळई, विटा, सगळं चोपड्याहून वर चढवायचं. शेवटचा टप्पा ट्रॅक्टरशिवाय नाही. दादांचा मुलगा यंदा गवंडी प्रशिक्षणात होता, स्वतःच्याच घरावर हात बसवणार म्हणतो. याचा मला आनंद झाला. निदान मजुरीचा पैसा पाड्यावर राहील.

५.४५

परतताना ढग. अर्धा तास झाडाखाली नाही, कुणाच्या तरी ओट्यावर.

७.३०

चोपडा. बसस्थानकाजवळ चहा. मी याच शहरात दोन खोल्यांत भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचा करार. कंत्राटी माणसाला गृहकर्ज देताना बँक पगारपत्रक मागते. माझं मानधन घरामागे, टप्प्यामागे. घरमालक काका निवृत्त आहेत. त्यांनी वरचा मजला भाड्यासाठीच चढवला, औषधपाणी त्यावर चालतं. भाडं वाढलं तेव्हा मी कुरकुरलो, त्यांनी घरपट्टी, पाणीपट्टी आणि गोळ्यांचा खर्च वाचून दाखवला. मी गप्प बसलो.

चहाला एक ओळखीचे अण्णा भेटतात, प्लॉट पाडून विकतात. लोक त्यांना शिव्या देतात आणि त्यांच्याकडेच जातात. "एकराचे ४३,५६० फूट," ते बोटं मोडतात. "रस्ते काढा, मोठ्या लेआउटला दहा टक्के खुली जागा सोडा, गटार, पोल, बिनशेती, मोजणी. विकायला निम्म्याच्या थोडं वर उरतं. व्याज मी भरतो. भाव काय मी एकटा वाढवतो?" एकटे नाही वाढवत. पण त्यांच्या लेआउटमध्ये सहाशे फुटांचा प्लॉट का नाही विचारलं, तर म्हणाले, "लहान प्लॉट टाकला की मोठा घेणारा येत नाही. शेजार बघतात लोक." हे मात्र त्यांनी खरं सांगितलं, आणि कुठल्याही धोरणात न लिहिलेलं. शेतमजुरी करणाऱ्याला आणि शिक्षकाला एकाच गल्लीत घर विकायचं नाही, हा नियम कुणी केला नाही, पण मोडतही कुणी नाही.

९.१०

फोटो चढवायला बसलो. तापीकाठचं जोतं गेलं. पाड्यावरचा पाया नाही. ठिकाण जुळत नाही म्हणतंय. दादांनी पाया पहिल्या फोटोच्या जागेपासून बाजूला घेतलाय, कारण तिथे मोहाचं झाड होतं आणि ते त्यांना तोडायचं नव्हतं. उद्या दुरुस्तीचा अर्ज.

तेवढ्यात दुपारच्या लाभार्थ्याचा फोन. एक शेतकरी नाना तयार झालेत. बांधाकडचा तुकडा, पाचशे फूट, लाखातच. केळी पडली, मुलीचं लग्न काढलंय, पैसा लागतोय. त्यांच्या बायकोचा विरोध होता, तोही मावळला. एकच अट.

"रस्ता मागायचा नाही म्हणतात, साहेब. बांधावरून पायी जायचं."

"आणि विटांचा ट्रॅक्टर?"

"तो एकदा जाऊ देतील. पीक निघाल्यावर."

पीक निघाल्यावर म्हणजे वाळू बंद झाल्यावर. आणि खरेदीखतात रस्ता लिहिला नाही तर नानांच्या मुलांच्या काळात पायवाटही राहणार नाही. मी त्याला म्हटलं, घाईत इसार देऊ नको. सकाळी साडेसातला मी टेप घेऊन येतो, नानांना बांधावर बोलाव, आणि जमलं तर त्यांच्या थोरल्या मुलालाही. तो म्हणाला, नाना पहाटेच शेतात जातात, सहाला या.